पंधरा सेकंदांचं पाणी

सकाळी ७.१५. डोंबिवली पूर्व, एमआयडीसी, फेज दोन. मिस्त्री कुलूप काढतो, शटर गुडघ्यापर्यंत उचलतो, वाकून आत जातो आणि उरलेलं खांद्याने वर ढकलतो. गाळा बारा फूट रुंद, तीस फूट खोल. भाडं सोळा हजार, वीज वेगळी. आधी उदबत्ती, मग कॉम्प्रेसर, मग कोपऱ्यावरच्या टपरीला हाक. मिस्त्री पन्नाशी ओलांडलेला. मूळ खेड तालुक्यातला. ठाण्यात वागळे इस्टेटला हेल्पर म्हणून लागला, तिथून इथे आला. गाळ्यांची आख्खी ओळ त्याला मामा म्हणते.

दाराशी एक पांढरी एस्टीम उभी आहे. मागची सीट काढलेली. कार्पेट नाही, एसी नाही, स्टेपनी नाही. पुढे एकच खोलगट सीट आणि चार पट्ट्यांचा बेल्ट. एस्टीम १९९४ ला आली आणि २००७ ला बंद झाली. ही १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हची, अंगाने हलकी. म्हणून ड्रॅगवाल्या पोरांची लाडकी. ड्रॅग म्हणजे सरळ रेषेत पाव मैल, ४०२ मीटर. उभ्या गाडीपासून सुरुवात, एकाच दमात शेवट. ही गाडी ते पंधरा सेकंदांच्या आसपास कापते. पुढच्या आठवड्यात तिला धावपट्टीवर उतरायचंय, आणि तिचा वॉटर पंप गळतोय.

७.४०. मिस्त्री टॉर्च घेऊन बॉनेटमध्ये डोकं घालतो. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं, एवढ्यासाठीच ते ठेवलेलं. त्याच्या खाली तांबूस ओघळ वाळलाय. मिस्त्री पुली दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवतो. कट्, कट्. बेअरिंगही गेलंय.

"किती दिवस गळतोय?" मी विचारतो.

"गाडीचा मालक म्हणतो परवापासून. ओघळ म्हणतो दोन महिने."

८.१०. एस्टीम बाजूला ढकलावी लागते, कारण भाजीचा टेम्पो, छोटा हत्ती, आलाय. मागचे ब्रेक लागत नाहीत. दिवसभरात भाजीची दुसरी खेप चुकली तर चालकाचे नऊशे जातात, त्यामुळे तो गाडीशेजारीच उभा राहतो, चहालाही जात नाही. पोऱ्या एव्हाना आलाय. एकोणीस वर्षांचा, चाळीसगावकडचा. रोज सहाशे, जेवण स्वतःचं. तो ड्रम उतरवतो, मिस्त्री ब्रेक शू घासून बघतो आणि नवीन टाकतो. तासाभरात गाडी बाहेर. सामानाचे वेगळे, मजुरीचे चारशे. जाता जाता चालक म्हणतो, क्लचपण घसरतोय हो मामा. मिस्त्री म्हणतो, घसरू दे आजचा दिवस.

गाळा चालतो तो अशा कामांवर. ड्रॅगची गाडी वर्षातून चार-सहा वेळा येते. ती आली की आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं उगाचच पाना मागायला येतात.

९.१५. आता निवड. बाकावर वर्तमानपत्र अंथरलंय. त्यावर दोन पंप, दोन्ही नवे. एक स्थानिक बनावटीचा, खोक्यावर भडक निळी छपाई, साडेसहाशेचा. दुसरा चांगल्या कंपनीचा, साडेअकराशेचा. तिसरा पंप मालकाच्या फोनमध्ये आहे. मालक ऐरोलीला एका कंपनीत कामाला, आत्ता ठाण्याच्या गाडीत दाराशी लटकलेला. बोलता येत नाही म्हणून एकामागून एक मेसेज येतायत. पोऱ्या मोठ्याने वाचतो. मालकाला इलेक्ट्रिक पंप हवाय. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिस क्रेगचा. इंजिनाच्या पट्ट्याशी संबंधच नाही, बॅटरीवर चालतो, मिनिटाला ११५ लिटर पाणी फेकतो. इंजिनाची तेवढी ताकद वाचते. पंप, त्याचा कंट्रोलर आणि आयात शुल्क धरून हिशेब तीस हजारांच्या पुढे जातो.

मिस्त्री त्या पंपाला नावं ठेवत नाही. चांगला आहे म्हणतो. ज्या गाडीचं इंजिन दोनशे-तीनशे घोड्यांचं केलंय, तिथे तो हवाच. पण तो बसवायचा तर जुन्या पंपाचा पंखा कापायचा, घर तसंच ठेवायचं, होज पाइपांची दिशा बदलायची, वायरिंग वाढवायची. आणि उद्या शुक्रवार. एमआयडीसीची सुट्टी. लेथ बंद, वेल्डिंग बंद.

मग तो स्थानिक पंप उचलतो आणि बोटाने फिरवतो. फिरतो छान, पण आतून खरखर. पंखा पत्र्याचा ठोकून केलेला, एक पातं किंचित वाकडं. पंखा आणि त्याच्यामागची भिंत यांच्यातल्या फटीत फिलर गेजची पाती सरकवून बघतो. एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला घट्ट. दुसरा पंप फिरवतो. जड फिरतो, आवाज नाही. पंखा ओतीव. फट चारी बाजूंनी सारखी.

"नवा पंप सैल फिरला की गिऱ्हाईक खूश होतं," तो म्हणतो. "नव्याचं सील आवळलेलं असतं. जडच फिरायला पाहिजे."

साडेअकराशेचा ठरतो. पण तेवढ्याने भागत नाही.

९.५०. पोऱ्याच्या हातात जुना पंप आलेला नाही अजून, पण मिस्त्रीकडे याच इंजिनाचा आणखी एक जुना पंप खिळ्याला टांगलेला आहे. तो दाखवतो. पंख्याच्या पात्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेत. गंज नव्हे. सात-साडेसात हजारांच्या फेऱ्यांना पंप इतका जोरात फिरतो की पात्यांच्या मागे पाण्याचा दाब कोसळतो. पाणी तिथल्या तिथे उकळून बुडबुडे होतात. पुढे दाब वाढला की तेच बुडबुडे फुटतात, आणि फुटताना धातूचा कण घेऊन जातात. शिवाय बुडबुड्यांत फिरणारा पंखा पाणी ढकलत नाही, नुसता घुसळतो. म्हणजे जास्त फेऱ्यांना पंप जास्त काम करतो हा समज एका मर्यादेपर्यंतच खरा.

उपाय स्वस्तातला. पंपाची पुली मोठी करायची. शंभर मिलीमीटरची एकशे पंधरा केली की पंप सुमारे तेरा टक्के सावकाश फिरतो. शर्यतीत बरं. पण इंजिन मंद चालू असताना, रांगेत उभं असताना, तोच पंप आणखी आळशी होतो. आणि ड्रॅगची गाडी तापते ती नेमकी तिथे. पळताना पंधरा सेकंद, वारा समोरून. त्याच्याआधी तासभर रांग. धावपट्टीवर सावली नसते. थोडं पुढे घ्या, थांबा, बंद करा, पुन्हा चालू करा. पळून आल्यावर तर इंजिन बंद करताच पंपही थांबतो. पाणी जागच्या जागी उभं, हेडमधली उष्णता मात्र तिथेच. काटा वर चढत राहतो.

"यांना वाटतं पंप पळण्यासाठी," मिस्त्री म्हणतो. मग फळीवरून एक प्लॅस्टिकची मुठीएवढी वस्तू काढतो. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारातून आणलेली. एका जर्मन गाडीचा छोटा इलेक्ट्रिक पंप. इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवत ठेवायला त्या गाड्यांत असतो. अठराशेला मिळाला. दोन अँपियरच्या आत चालतो. हा हीटरच्या पाइपात टाकायचा.

मालकाने वजन कमी करायला सगळं काढलं तेव्हा मिस्त्रीने हीटर काढू दिला नव्हता. तेव्हा भांडण झालं होतं. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, त्याला स्वतःचा पंखा. इंजिन बंद ठेवून छोटा पंप चालू करायचा, हीटर पूर्ण उघडायचा, ब्लोअर चारवर. उष्णता गाडीच्या आत येणार. येऊ दे. काचा खाली.

मालकाला मेसेज जातो. बराच वेळ उत्तर नाही. मग अंगठा.

१०.२०. गाडी जॅकवर, खाली दोन स्टँड. पाणी काढायला खाली पाटी. पाणी हिरवं नाही, साधं. कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर टायर घसरतात आणि ते लवकर वाळतही नाही. म्हणून बऱ्याच शर्यतींत ते चालत नाही. पाणी उष्णताही ग्लायकॉलपेक्षा जास्त वाहून नेतं. गंज लवकर धरतं, एवढंच. आलेलं पाणी चहाच्या रंगाचं आहे.

एस्टीमचा पंप बाहेरून पट्ट्याने फिरतो, अल्टरनेटरच्याच पट्ट्याने. बघणाऱ्याला वाटतं, पट्टा काढा, पुली काढा, पंप काढा. पण पंपाचं घर टायमिंग बेल्टच्या मागे दडलेलं असतं. म्हणजे फॅन बेल्ट, पंपाची पुली, क्रँकची पुली, टायमिंगचं कव्हर, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, ऑईलच्या पट्टीची नळी, अल्टरनेटरचा ब्रॅकेट. एवढं उतरल्यावर पंप दिसतो. पोऱ्या प्रत्येक बोल्ट एका जुन्या पुठ्ठ्यात भोक पाडून त्यात खोचतो. पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढलेलं. कुठला बोल्ट कुठला, विचारायला नको. बेल्ट काढण्याआधी मिस्त्री क्रँक आणि कॅम दोघांच्या खुणा जुळवतो आणि त्यावर शाळेतल्या व्हाइटनरने ठिपके देतो. हे तो स्वतः करतो. पोऱ्याला करू देत नाही, फक्त बघू देतो.

११.३०. दहाची गोटी. पंपाचे बोल्ट बारीक, सहा मिलीमीटरचे, लोखंडी, आणि शिरलेत अॅल्युमिनियममध्ये. वीस वर्षं पाणी पिऊन दोघं एक झालेत. मिस्त्री गंज सोडवायचा स्प्रे मारतो, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर टिचक्या मारतो, थांबतो. पुन्हा स्प्रे. घाई करत नाही. पहिला सुटतो. दुसरा सुटतो. चौथ्याला रेंचवरचा जोर अचानक मऊ होतो. पोऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. बोल्टचं डोकं गोटीत, दांडा ब्लॉकमध्ये.

कुणी काही बोलत नाही. मिस्त्री उठतो, हात पुसतो, चहा पितो. दहा रुपये.

पंप निघाल्यावर बोल्टचा पाव इंच दांडा बाहेर दिसतो. नशीब. आत मोडला असता तर ड्रिल लावावं लागलं असतं, आणि ड्रिल जरा तिरकं गेलं की ब्लॉक जातो. शेजारचा वेल्डिंगवाला येतो. मिस्त्री आधी बॅटरीच्या तारा सोडवतो, आजूबाजूला ओलं गोणपाट लावतो. दांड्यावर एक नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग भरायचं. वेल्ड दांड्याला धरतं, अॅल्युमिनियमला धरत नाही. आणि तापल्यामुळे गंजाची पकड सुटते. चर्रर्र, दोन सेकंद. लाल रंग जाईपर्यंत थांबतात. मग बाराचा पाना, थोडं मागे, थोडं पुढे, थोडं मागे. दांडा फिरत बाहेर येतो. वेल्डिंगवाला शंभर घेतो. मागतो पन्नासच, मिस्त्री शंभर देतो. हा माणूस शेजारी आहे म्हणून तो उद्याही हवा असतो.

१२.२०. लेथ. दोन गल्ल्या सोडून. मिस्त्री स्कूटरवर, मी मागे, माझ्या मांडीवर जुनी पुली. रस्ता २०२० साली याच भागात एकदा रसायनांनी गुलाबी झाला होता, वर्तमानपत्रांत फोटो आले होते. आज धुळीचा आहे. भंगारवाल्याकडून अॅल्युमिनियमचा गोल तुकडा घेतो, सव्वा किलोच्या आसपास. चारशे रुपये.

लेथवाले काका साठीचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पूर्वी एका मोठ्या कंपनीत टर्नर होते. कंपनी गेली, लेथ यांनी विकत घेतलं. जुनी पुली हातात घेऊन ते चहूबाजूंनी बघतात.

"कशाला मोठी?"

"पंप सावकाश फिरवायचाय."

"सावकाश? रेसच्या गाडीत?" काका हसतात, पण मापं घेतात.

बाहेरचा व्यास ११५. खाचेचा कोन छत्तीस अंश. मधलं भोक पंपाच्या बॉसवर सुतासारखं बसायला हवं, तिथे जरा ढिलं झालं तर पुली डोलते आणि नवं बेअरिंग महिन्यात खाते. काका मधलं भोक शेवटी करतात. पातळ कात काढतात, थांबतात, पुली पंपावर लावून बघतात, पुन्हा कात. चार बोल्टची भोकं जुन्या पुलीवरून मार्क करून. अॅल्युमिनियमची लांब, चकचकीत गुंडाळी जमिनीवर पडते. काका ती पायाने गोणीत सरकवतात. किलोवर विकली जाते. सव्वा तास. नऊशे रुपये. मधे दहा मिनिटं लाइट जाते, तेव्हा काका डबा उघडून अर्धी पोळी खाऊन घेतात.

२.००. जेवण. मिस्त्रीचा डबा घरचा. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, ताक बाटलीत. पोऱ्या दोन वडापाव आणतो, चाळीस रुपये. जेवताना तो फोनवर अमेरिकेतली शर्यत लावतो. तिथल्या सगळ्यात वेगवान गाड्या, टॉप फ्युएल म्हणतात त्या. साडेतीन-चार सेकंदांत संपतं सगळं. २००८ पासून तिथे त्यांना पाव मैलाऐवजी हजार फूटच पळवतात. मिस्त्री सांगतो की त्या इंजिनात पाणीच नसतं. ब्लॉक भरीव, पाण्याची पोकळी नाही, पंप नाही, रेडिएटर नाही. इंधन इतकं ओततात की तेच थंड करतं. आणि प्रत्येक धावेनंतर इंजिन उघडतात.

पोऱ्या चावायचा थांबतो. "प्रत्येक वेळी? मजुरी कोण देतं?"

२.४५. पंपाच्या खोक्यात पॅकिंग आहे, पण दोन रबरी सील नाहीत. एक पंप आणि ऑईल पंपाच्या मधलं, एक पंप आणि हेडच्या मधलं. ते नसले तरी गाडी चालते. पण धूळ-पाणी आत टायमिंग बेल्टवर जातं. पोऱ्या म्हणतो, जुनीच लावू. जुनी दाबली तर तुटतात, बिस्किटासारखा चुरा होतो असं मला म्हणायचं होतं, पण मिस्त्री आधीच म्हणतो, "जा." पोऱ्या सायकलवर मानपाडा रोडला. दोन दुकानांत नाही, तिसऱ्यात आहेत. ऐंशी रुपये.

तोवर मिस्त्री ब्लॉकचा पृष्ठभाग साफ करतो. जुनं पॅकिंग ब्लेडने, पण ब्लेड आडवं धरून, नाहीतर अॅल्युमिनियमवर चर पडतो आणि चरातून पाणी वाट काढतं. शेवटी पेट्रोलच्या फडक्याने. बोट फिरवून बघतो, डोळे मिटून. सिलिकॉन फासत नाही. कागदी पॅकिंगला अगदी बारीक थर, दोन्ही बाजूंनी. जास्त लावलं की जादाचं आत दाबलं जातं, तुटून रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं. तशा गाड्याही त्याच्याकडे येतात.

३.३०. पंप बसतो. नवे बोल्ट, प्रत्येकाच्या आट्यांना थोडं ग्रीस. आधी सगळे हाताने, मग तिरपे तिरपे आवळत. टॉर्क रेंच कपाटातून निघतो, कापडात गुंडाळलेला. गाळ्यातली सगळ्यात महाग वस्तू. दहा न्यूटन मीटर. सवयीचा हात याच्या दुप्पट आवळतो, असं मिस्त्री म्हणतो. "म्हणून सवयीवर सोडायचं नाही."

थर्मोस्टॅट मालकाने काढून टाकलेला. मिस्त्री टोपात पाणी तापवतो, नवा थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात सोडतो, शेजारी थर्मामीटर. ८२ च्या जवळ तो हळूच तोंड उघडतो. काढून टाकला की इंजिन कधी कोमट, कधी गरम. प्रत्येक धावेला वेगळं इंजिन मिळतं. वेळ जुळत नाही, मग पोरं कार्ब्युरेटरला आणि पेट्रोलला दोष देतात. या गाडीत कार्ब्युरेटर नाहीच, तरी देतात.

टायमिंग बेल्ट नवाच. साडेसातशे. एवढं उघडलंय तर जुना परत चढवण्यात अर्थ नाही. ठिपके जुळले. टेन्शनर सैल ठेवून क्रँक हाताने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे. पट्ट्यातली ढील एका बाजूला येते, मग टेन्शनर आवळतो. पुन्हा ठिपके बघतो. जागेवर.

४.४०. पुली मोठी, म्हणजे जुना फॅन बेल्ट अपुरा. किती अपुरा? मिस्त्री सुतळी घेतो. क्रँक, पंप, अल्टरनेटर, तिन्ही पुल्यांवरून फिरवतो, पेनाने खूण करतो, सुतळी जमिनीवर पसरून टेपने मोजतो. पंचवीस मिलीमीटर जास्त. वहीत गणित मांडलं तरी जवळपास तेवढंच येतं, व्यासाचा फरक पंधरा, त्याच्या दीडपट. पोऱ्या पुन्हा सायकलवर. दोनशे ऐंशी. अंगठ्याने दाबल्यावर सात-आठ मिलीमीटर दबतो. ठीक.

५.३०. छोटा पंप. हीटरला जाणारा पाइप कापतो, मधे हा बसवतो, दोन्हीकडे क्लिपा. पंपाच्या अंगावर बाण आहे. बाण चुकला तर मोठा पंप एकीकडे ढकलतो, छोटा दुसरीकडे. पोऱ्या तो उलटा धरतो. मिस्त्री काही न बोलता त्याच्या हातातून घेऊन फिरवतो आणि परत हातात देतो. वायर बॅटरीकडून, मधे फ्यूज, मधे रिले, डॅशबोर्डवर एक साधं बटण. बटणावर पट्टी चिकटवून मार्करने लिहितात, पाणी. गाडीची चावी बंद असतानाही हे चालायला हवं, म्हणून वायर चावीवरून घेतलेली नाही. रेडिएटरच्या वाफेच्या नळीला अॅल्युमिनियमचा डबा, पत्र्याला बोल्टने घट्ट. अमेरिकेतली ड्रॅग शर्यतींची संघटना एनएचआरए, तिच्या नियमात तो किमान एक पिंटाचा लागतो, अर्ध्या लिटरला थोडा कमी. हा लिटरचा आहे. जुना ऑईलचा डबा होता.

६.३०. पाणी भरायचं. डिस्टिल्ड पाण्याचे दोन कॅन, एकशे ऐंशी. नळाचं पाणी मिस्त्री घालत नाही. गाडीचं तोंड जॅकने वर, म्हणजे हवा रेडिएटरच्या झाकणाकडे येते. हीटर उघडा. पोऱ्या खालचा होज पाइप हाताने दाबतो, सोडतो, दाबतो. झाकणातून गुडगुड. पाणी खाली जातं, आणखी ओततो. छोटा पंप चालू केल्यावर उरलीसुरली हवा भसाभस वर येते. हे त्याचं वरकड काम.

इंजिन चालू. सायलेन्सर नावापुरताच, त्यामुळे आख्ख्या गल्लीला कळतं. समोरच्या गाळ्यातून दोघं बाहेर येतात. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत इथे कारखान्यांचे स्फोट झाले. तेव्हापासून मोठा आवाज आला की या भागात माणसं आधी बाहेर येतात, मग कसला ते विचारतात. एस्टीम बघून परत जातात.

काटा चढतो. ८२ ला वरचा होज गरम होतो. मिस्त्री तळहात लावून बघतो. पंचाण्णवच्या वर रेडिएटरचा पंखा लागतो. झाकण ०.९ किलो दाबाचं, त्या दाबाखाली पाणी ११८ च्या पुढे जाऊन उकळतं. नवा पंप कोरडा आहे, भोकाखाली पोऱ्याने टिश्यू पेपर लावलाय. चार-पाच वेळा इंजिन वर नेतो. ९७. बंद.

छोटा पंप मुद्दाम चालू करत नाही. आम्ही तिघं डिजिटल काट्याकडे बघत उभे. ९९. १०१. १०४. इंजिन बंद आहे, तरी चढतंय. १०६ ला थांबतं.

पुन्हा चालू, खाली आणतो, पुन्हा तापवतो, ९७ ला बंद. आता बटण. हीटर उघडा, ब्लोअर चारवर. छोटा पंप इतका हळू घुरघुरतो की कान लावावा लागतो. ९८. ९७. ९४. सहा मिनिटांनी ८६. गाडीच्या आत हात घातला तर भट्टी.

"हेल्मेट घालून बसणाराय तो इथे," मी म्हणतो.

"बाहेर उभा राहील. रांगेत कोण आत बसतं?"

८.२५. मालक स्टेशनवरून शेअर रिक्षाने येतो, पाठीवर लॅपटॉपची बॅग. तिशीचा. बॅग न काढताच बॉनेटमध्ये वाकतो. पुली बघून खूश होतो, चकचकीत आहे. छोटा पंप बघून तेवढा नाही.

"मामा, हे भंगारातलं..."

मिस्त्री त्याला ९७ पासूनची चाचणी तिसऱ्यांदा करून दाखवतो. मालक फोनवर व्हिडिओ काढतो. मग विचारतो, तीस हजारांचा घेतला असता तर किती वेळ वाचला असता? मिस्त्री म्हणतो, सेकंदाचा कितवा भाग ते तू घड्याळात बघ, मला फक्त हेड वाकलेलं नकोय. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या 'द व्हॅली रन'मध्ये त्याने अशाच गाड्या रांगेत वाफ सोडताना बघितल्यात. एक गोष्ट तो दरवेळी सांगतो, आजही सांगतो. गाडी पाम बीच रोडवर रात्री शर्यतीला काढली असं कळलं तर पुन्हा या गाळ्यात आणायची नाही.

"नाही हो मामा. फ्लॅटबेडवरूनच नेणार."

८.५०. वही. पंप ११५०. टायमिंग बेल्ट ७५०. फॅन बेल्ट २८०. पुलीचा माल ४००, टर्निंग ९००. वेल्डिंग १००. सील ८०. छोटा पंप १८००. होज, क्लिपा ३४०. रिले, वायर, फ्यूज, बटण ४२०. पाणी १८०. मजुरी ३५००. एकूण नऊ हजार नऊशे. थर्मोस्टॅट, ग्रीस, स्प्रे लिहिलेलं नाही. टपरीचा चहाही नाही.

मालक नऊ हजार जीपे करतो. भिंतीवरचं यंत्र रक्कम मोठ्याने सांगतं. नऊशे रविवारनंतर. मिस्त्री वहीत नऊशे वेगळे लिहितो आणि पोऱ्याला सहाशे देतो, वर उशिराचे दीडशे. पोऱ्या नोटा मोजून खिशात घालतो.

"मामा, उद्या सुट्टी ना? शुक्रवार आहे."

"लेथला सुट्टी. आपल्याकडे छोटा हत्ती येतोय, क्लचला. साडेसातला ये."